दगडांच्या अभ्यासासाठी नोकरी सोडू का?

पनवेलहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५१, खासगी कंपनीच्या हिशेब विभागात २७ वर्षं नोकरी. १९९४ साली बी.ए.चं दुसरं वर्ष झालं, वडील गेले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या रायगड जिल्ह्यातली गावं पालथी घालून वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) आणि गधेगाळ (गाढवाचा शाप कोरलेले दानाचे दगड) नोंदवतात. वहीत आजवर ४१ दगडांची मापं आहेत. आता त्यांना पदवी पूर्ण करायची आहे, मग एम.ए. आणि याच दगडांवर पीएच.डी. त्या विचारतात, नोकरी सोडून पीएफ काढू का, शैक्षणिक कर्ज घेऊ का, की हा नाद सोडून देऊ? दीर म्हणाले, "या वयात पदवीचं काय लोणचं घालायचंय?" यजमान काहीच बोलले नाहीत.

ताई, तुमच्या पत्रातला एक फोटो मी बराच वेळ पाहत बसलो. भातखाचराच्या बांधावर कललेला दगड, संध्याकाळची वेळ, आणि तुम्ही बॅटरीचा उजेड बाजूनं आडवा टाकलेला. त्यामुळे दिवसा सपाट दिसणारी अक्षरं सावली धरून वर आली आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेला गाढवाचा शाप. म्हणजे जमिनीच्या व्यवहाराचा कागदच हा, फक्त दगडावर. कोणी दिलं, कोणाला दिलं, आणि हिसकावून घेणाऱ्याचं काय होईल. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि त्यावरही असाच शाप आहे. हिशेबाच्या टेबलावर २७ वर्षं काढलेल्या बाईनं नेमके हेच दगड का धरले, ते मला लगेच उमगलं.

तेव्हा नाद सोडा असं मी सांगणार नाही. पण नोकरी आज सोडू नका, आणि पीएफला तर हात लावूच नका. का, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

तुमच्या हातात महिन्याला ४६,००० येतात. यजमानांच्या झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानातून सरासरी २५,००० सुटतात. घरखर्च ३८,०००, घराच्या कर्जाचा हप्ता १३,२००. बाकीचं मुलाची फी, विमा आणि ५,००० ची एसआयपी यांत जातं. तुमचा पगार थांबला की फक्त घरखर्च आणि हप्ता यांतच महिन्याला २६,२०० ची तूट पडते. वर्षाला ३ लाख १४ हजार. बी.ए., एम.ए. आणि पीएच.डी.ची सुरुवात मिळून सात वर्षं धरली तर २२ लाख. तुमचा पीएफ आहे २१ लाख! काढलेल्या रकमेवर मधल्या काळात थोडं व्याज मिळेल, पण ते महागाई खाऊन टाकेल. मुलाची फी तर मी यात धरलेलीच नाही. थोडक्यात, ५८ व्या वर्षी पदव्या हातात असतील आणि पीएफचं खातं रिकामं असेल.

तुम्ही पत्रात पानभर फीची चौकशी केली आहे. खरं तर या सगळ्यात फी ही सर्वात किरकोळ बाब आहे. महाग आहे तो न मिळालेला पगार. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायला वर्षाला काही हजार लागतात आणि ते तुमच्या चालू पगारातून सहज निघतील. त्यासाठी कर्ज नको. कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते हे तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, मग वजावट कशातून करणार?

पदवी मुक्त विद्यापीठाची असली तर पुढे कमी लेखतील ही तुमची भीती मनातून काढून टाका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, स्पष्ट केलेलं आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून हेच काम करत आहे. प्रवेशापूर्वी एकच गोष्ट बघा: तुम्ही घेताय त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना. १९९४ च्या मार्कशीट शोधून ठेवा, त्यांचा उपयोग होईल का ते अभ्यासकेंद्रावर विचारा, पण त्या मार्कशीटवर विसंबू नका. क्रेडिट बँकेची, म्हणजे झालेल्या अभ्यासाचे श्रेयांक जमा ठेवण्याची, नवी सोय २०२१ नंतरच्या शिक्षणासाठी आहे. पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल असंच धरून चला.

आता पैशांची मांडणी. तुमचं पीपीएफ मार्चमध्ये मुदत पूर्ण होऊन ९ लाख २० हजारांवर उभं आहे. घराचं कर्ज ६ लाख ४० हजार उरलंय, व्याज ८.५ टक्के, अजून पाच वर्षं हप्ते. पीपीएफवर मिळतात ७.१ टक्के. करमुक्त असले तरी कर्जाच्या दरापेक्षा कमीच. या पीपीएफमधून कर्ज फेडून टाका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही. उरलेले २ लाख ८० हजार खात्यातच राहू द्या. नवीन भरणा न करता खातं चालू ठेवलं तरी व्याज मिळत राहतं, फक्त वर्षातून एकदाच पैसे काढता येतात. त्यामुळे ६ लाख ४० हजार एकाच वेळी काढा. चार लाखांची एफडी अडीनडीला आहे, ती मोडू नका.

हप्ता संपला की महिन्याला १३,२०० मोकळे होतात. त्यांची वाटणी मी अशी करेन. ३,००० तुम्हा दोघांच्या स्वतंत्र आरोग्य विम्यासाठी बाजूला. हे आजच करा, कारण कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुमचा मधुमेह आणि यजमानांचं ब्लडप्रेशर लपवू नका. बी.ए.ची तीन वर्षं आणि विम्याची तीन वर्षं एकदमच सरतील. विम्याचा वर्षाचा हप्ता ३६,००० हून जास्त आला तर वरचे पैसे एसआयपीतून वळवा.

आणखी ३,००० दगडांसाठी. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पत्रात हा खर्च तुम्ही कुठेच दाखवलेला नाही. एसटी, रिक्षा, दुपारचं जेवण, गावातल्या मुलाला दिलेले पन्नास रुपये हे सगळं तुम्ही घरखर्चातल्या भाजीच्या पैशांतून काढता असं दिसतं. ते बंद करा. वेगळं खातं उघडा, वेगळी वही ठेवा. नव्वद हजारांचा कॅमेरा हप्त्यावर घेऊ नका. तुमच्या मोबाईलचे फोटो आणि आडव्या बॅटरीची युक्ती यांनी आज पुरेसं काम होतंय. त्याऐवजी एक चांगला ट्रायपॉड घ्या आणि फोटो दोन ठिकाणी साठवायला दोन हार्ड डिस्क. सहा वर्षांची मेहनत एकाच फोनमध्ये आहे हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ सालचं आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर किंमत न बघता घ्या. आणि लेख उठून दिसावा म्हणून दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका. ठसा घ्यायचा झाला तर स्मारक संरक्षित आहे का ते बघून पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

उरलेले ७,२०० दर महिन्याला आवर्ती ठेवीत. तीन वर्षांत व्याज सोडून २ लाख ५९ हजार होतात. पीपीएफचे २ लाख ८० हजार धरले तर ५ लाख ३९ हजार.

आता तीन वर्षांनंतरचं चित्र बघा. तुम्ही ५४ च्या, बी.ए. हातात, घर कर्जमुक्त, मुलाचं शिक्षण संपलेलं. खरा निर्णय तेव्हा घ्यायचा. एक रस्ता म्हणजे नोकरी करत दूरशिक्षणातून इतिहासात एम.ए. दुसरा म्हणजे पुण्यात डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्वाचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.ए. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. लिपी वाचणं, नोंद ठेवणं, काळ ठरवणं हे गुरूजवळ बसून, दगडाला हात लावून शिकायचं काम आहे. तेव्हा घरखर्च ४५,००० झाला आणि दुकान ३०,००० देत असलं तर तूट १५,००० ची. त्यात विमा आणि फिरतीचे ६,००० मिळवा. चोवीस महिन्यांचे ५ लाख ४ हजार. ते बाजूला ठेवलेल्या रकमेत बसतात. आजच्याच बेसिकवर, म्हणजे ३०,००० वर, ३० वर्षांची ग्रॅच्युइटी ५ लाख १९ हजार होते. त्यातून एम.ए.ची फी आणि पुण्यातली खोली भागवा.

पीएफ मात्र तसाच राहू द्या. २०२४-२५ साठीचा ८.२५ टक्के दर पुढेही टिकला तर ५४ व्या वर्षी भरणा थांबूनही ५८ पर्यंत साधारण ३९ लाख होतील. साठाव्या वर्षी त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात. म्हातारपणीची भाकरी ती आहे. पेन्शनच्या भरवशावर राहू नका. १५,००० च्या पगारमर्यादेमुळे ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन काही हजारांच्या पुढे जात नाही, आणि सात वर्षं आधी सुरू केली तर जवळपास चौथा हिस्सा कायमचा कापला जातो.

पीएच.डी.चं म्हणाल तर ती दूरशिक्षणातून होत नाही. अर्धवेळ होते, पण नोकरीत असाल तर कंपनीची एनओसी लागते. एम.ए.ला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गाला ५०), म्हणून एम.ए.ची घाई करू नका. शिष्यवृत्ती हिशेबात धरू नका. जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या यूजीसीच्या शिष्यवृत्तीला, वयाची अट ३० आहे, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत मिळूनही ३५. तोवर तुम्हाला दोन-चार दुकानांचे जीएसटी आणि हिशेब घरून सांभाळता येतील. २७ वर्षांचं हे कसब पीएच.डी.ची वर्षं निभावून नेईल. मुलाच्या पगाराचा आकडा या कागदावर मी मुद्दाम लिहिलेला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ३५,००० रुपयांत 'मानद डॉक्टरेट' देणाऱ्यांचा संदेश तुम्ही पाठवलात. तो डिलीट करा. ज्या बाईनं ४१ दगड फीत लावून मोजले, तिनं विकतचा कागद भिंतीवर लावू नये.

दिरांच्या प्रश्नाचंही उत्तर देतो, कारण तो पैशांचाच प्रश्न आहे. हा पैसा परत येणार नाही. साठीच्या आसपास पीएच.डी. झालेल्या बाईला त्या पदवीवर पगार मिळेल असं गृहीत धरून मी एकही आकडा मांडलेला नाही. ही गुंतवणूक नाही, खर्च आहे. लोक घराला दुसरा मजला चढवतात, लग्नात वीस लाख उडवतात, तेव्हा परतावा किती असं कोणी विचारत नाही. तुमचा खर्च त्याहून कितीतरी कमी आहे, आणि त्यातून रायगडातल्या त्या दगडांची नीट नोंद होईल. रस्ता रुंद करताना, विहिरीचा कठडा बांधताना असे दगड कुठल्या कुठे जातात, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे.

यजमानांशी मात्र बोला, तेही हा कागद समोर ठेवून. दुकानाचे ३०,००० त्यांच्या हातात आहेत, माझ्या अंदाजात नाहीत. ते आकडा कमी सांगतील तर आवर्ती ठेव आणखी एक वर्ष चालू ठेवा आणि राजीनामा वर्षभर पुढे ढकला. त्यांचा आकडा, कर्जाचं ताजं स्टेटमेंट आणि पीपीएफचं पासबुक मला पाठवा. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला यातल्या कशासाठीही थांबायची गरज नाही.