अंदमानचा प्रश्न आणि फेब्रुवारीचा हप्ता

बोरिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या ३३ वर्षांच्या, नवरा ३५ चा, लेक फेब्रुवारीत चार पूर्ण करेल. नवऱ्याचा पगार हातात ९२ हजार, यांच्या शिकवण्यांचे १८ हजार. घराचा हप्ता ३६ हजार, कर्ज अजून ३८ लाख बाकी. किराणा, नर्सरी, सासूबाईंची औषधं धरून ६४ हजार जातात. अंदमानच्या सात दिवसांच्या पॅकेजला तिघांचे २ लाख १० हजार पडतात. ३ लाखांची एफडी मोडावी की बारा महिन्यांच्या हप्त्यांवर जावं, एवढंच त्यांना विचारायचं आहे. पुढे एक ओळ आहे: ‘फेब्रुवारीत लेकीच्या पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा हप्ता असतो म्हणून हातात रोख राहत नाही. पण यंदा यांची पगारवाढ पंधरा टक्के तरी होईल.’

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. दोन्ही नको. महिन्याला १ लाख १० हजार येतात, १ लाख जातात, उरतात दहा हजार. चौदा टक्क्यांनी कर्ज काढलंत तर हप्ता जवळपास एकोणीस हजारांचा. उरतात दहा, भरायचे एकोणीस. पगारवाढीचं पत्र हातात पडेपर्यंत तिचा हिशेबात उल्लेखही करू नका. एफडी म्हणजे तुमच्या घराचा तीन महिन्यांचा खर्च. ती मोडून अंदमानला गेलात तर परत आल्यावर महिनाभराचाही आधार उरणार नाही.

आता त्या एका ओळीकडे. महिन्याला दहा हजार उरतात, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. पॉलिसीचा हप्ता? १ लाख २० हजार. म्हणजे या घरात वर्षाला शिल्लक शून्य आहे आणि जी काही बचत होते ती सगळी एका कागदात जाते. मी त्या कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला.

पॉलिसी फेब्रुवारी २०२३ मधली, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची. विकणारे गृहस्थ तुमचे चुलत सासरे, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. बारा वर्षं हप्ते भरायचे, विसाव्या वर्षी अंदाजे २७ लाख मिळायचे, त्यातही बोनसचा भाग हमीचा नाही. विमा १४ लाखांचा. आणि विमा कोणाच्या जिवावर? लेकीच्या.

ताई, हे जरा थांबून वाचा. चार वर्षांच्या मुलीच्या कमाईवर तुमच्या घरात कोण जगतं? ज्याच्या पगारावर घर, कर्ज आणि नर्सरी चालते त्याच्या नावावर फक्त कंपनीचा ३० लाखांचा गटविमा आहे. तो नोकरी असेपर्यंतच. उद्या काही विपरीत झालं तर ते ३० लाख कर्जात जातील आणि वर आठ लाख बाकी राहतील. शिवाय फेब्रुवारीत लेकीचा हप्ता तुम्हालाच भरावा लागेल, कारण हप्तामाफीचा रायडर, म्हणजे पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, या पॉलिसीत नाही. तेही मी पाहिलं. ‘चाइल्ड प्लॅन’ या दोन शब्दांवर आपल्याकडे काय काय खपतं!

परतावा विचाराल तर, १४ लाख ४० हजार भरून वीस वर्षांनी २७ लाख म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. सुकन्या समृद्धीत आज ८.२ टक्के मिळतात. तेच हप्ते, तितकीच वर्षं, हाच दर राहिला तर ४६-४७ लाख. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो खाली येईल असंच धरा. सात टक्क्यांनीही चाळीसच्या आसपास जातात.

‘पण आता तीन हप्ते भरून झालेत ना?’ हे तुम्ही म्हणणार. भरलेले ३ लाख ६० हजार बाजूला ठेवा आणि फक्त यापुढचं बघा. ऑक्टोबर २०२४ च्या आधीच्या अशा पारंपरिक पॉलिसीला तिसऱ्या वर्षी सरेंडर मूल्य, म्हणजे मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के मिळतं, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वा लाख. ते सव्वा लाख सोडून आणखी नऊ हप्ते भरलेत, तर या पुढच्या पैशावर सुटतात सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बुडतं जहाज नाही, पण सुकन्या सोडा, पीपीएफच्या ७.१ शी सुद्धा बरोबरी नाही. चौथ्या वर्षापासून टक्का पन्नास होतो. तेव्हा पॉलिसी विकणारे काका ‘आणखी एकच हप्ता भर’ म्हणतील. त्यासाठी आणखी एक लाख वीस हजार आत टाकायचे आणि एक लाख चौदा हजारांनी मूल्य वाढल्याचं समाधान मानायचं! कंपनीकडून तीन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली तर किती, वर्षपूर्तीनंतर हप्ता न भरता केली तर किती, आणि पेड-अप करून, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच चालू ठेवली तर शेवटी किती. काकांकडून नको, शाखेतून घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी नवऱ्याचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, दीड कोटींचा, निवृत्तीच्या वयापर्यंत. पस्तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला वर्षाला वीस हजारांच्या आत-बाहेर पडतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. वैद्यकीय तपासणीत काही लपवू नका, तंबाखूसुद्धा नाही. अर्ज करतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घ्या, म्हणजे ती रक्कम तुमची आणि लेकीची राहते, देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. हप्ता परत मिळणारा प्रकार कोणी दाखवला तर पान उलटा. टर्मचा कागद हातात आला की मगच लेकीच्या पॉलिसीचा निकाल लावा. सरेंडरचे पैसे लेकीच्या नावाने सुकन्यात भरा, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात. ते खातं उघडल्यापासून एकवीस वर्षं अडकतात, अठरानंतर शिक्षणासाठी अर्ध्यापर्यंत काढता येतात, हे माहीत असू द्या. चुलत सासऱ्यांना सांगताना हेच सांगा, की पैसे लेकीकडून लेकीकडेच गेले. घरात वाद कमी होतो.

तर फेब्रुवारीसाठी साठलेल्या १ लाख २० हजारांतले वीस टर्मला. सत्तर एफडीला जोडा. उरले तीस. तेवढ्यात फिरायचं.

अंदमान नव्हे. पॅकेजचा कागदही पाहिला मी. त्यात ‘कुटुंबासाठी स्कूबा आणि सी-वॉक’ आहे. स्कूबाला किमान वय साधारण दहा वर्षं धरतात, तुमची लेक चारची. म्हणजे एक जण पाण्यात आणि दुसरा किनाऱ्यावर लेकीला घेऊन, पैसे मात्र दोघांचे. संध्याकाळी सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आहे. मराठी माणूस सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परतत नाही, आणि परतूही नये, पण ही मुलगी त्या वेळी झोपलेली असणार. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान ही खरी बघायची गोष्ट, १९८३ पासूनचं, पंधरा बेटांचं. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतं, त्याला पोहता यायला लागत नाही. पण त्यातल्या जॉली बॉय बेटाला बोटीने जायचं, बेटावर मुक्काम नाही, प्लास्टिक नेता येत नाही. बिस्किटाच्या पुड्याचं काय करायचं ते आधी ठरवा. विमानात दोन वर्षं ओलांडलेल्या मुलाला स्वतःची जागा आणि जवळपास पूर्ण भाडं. हे सगळं ती सहा-सात वर्षांची झाली की करा. तेव्हा तिला आठवेलही. महिन्याला साडेचार हजारांची आवर्ती ठेव, अडीच वर्षं. स्वतः तिकिटं काढलीत तर त्या रकमेत बसतं. कोणी ‘ट्रॅव्हल एसआयपी, पंधरा टक्के’ म्हणालं तर अडीच वर्षांत बाजार कुठे असेल हे त्याला विचारा. उरलेले साडेपाच हजार टर्मच्या पुढच्या हप्त्याला आणि सुकन्याला.

यंदा जामनगरला जा. राष्ट्रीय उद्यान तर तुमच्या बोरिवलीत दारातच आहे, पण समुद्रातलं पाहिजे ना? कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं, १९८२ चं. तिथलं नरारा हे अशा लेकरांसाठीच केल्यासारखं आहे. ओहोटी लागली की प्रवाळाच्या खडकावरून चालत जायचं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, सोबत वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या. खळग्यांत खेकडे, तारामासे, समुद्रफुलं, नशीब असेल तर ऑक्टोपस. पोहणं नाही, होडी नाही. आम्ही आमच्या मुलाला साडेचार वर्षांचा असताना समुद्राकाठी नेलं होतं. किल्ला, देऊळ, हॉटेलचा पोहण्याचा तलाव, सगळं विसरला. शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा अजून आठवतो त्याला. शंभर रुपयांचा खर्चही नव्हता त्यात.

बोरिवलीहूनच सौराष्ट्र मेल आहे, रात्री बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ मागितला नाही तर रेल्वेत तिकीटच नाही, आणि ही सवलत तुमच्याकडे अजून एकच वर्ष आहे. दोघांची जाऊन-येऊन एसीची तिकिटं, तीन रात्री हॉटेल, नराराला जायची टॅक्सी, वाटाड्या, खाणंपिणं, तीस हजारांत बसतं. एक सकाळ खिजडियाला द्या. जामनगरजवळचं पक्षी अभयारण्य, हिवाळ्यात पाणपक्षी खूप. नर्सरीला परीक्षा नाही, तेव्हा शनिवार-रविवार आणि नाताळ टाळून आठवड्याच्या मध्ये जा.

आणि तारीख सुट्टी बघून ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ समुद्र सगळ्यात जास्त आत सरतो, मधल्या अष्टमीला फारसा सरत नाही. ओहोटी दिवसाउजेडी आहे ना ते वाटाड्याला फोन करून विचारा, मग तिकीट काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. खडक धारदार असतात, लेकीला जाड तळव्याचे, पट्टीचे जुने बूट घाला.