शिकार आणि आडवाटेच्या भटकंतीसाठी हातातलं जीपीएस कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शिकारीसाठी आणि पायवाट सोडून तीन-चार दिवस फिरण्यासाठी जीपीएस घ्यायचंय. दोन यंत्रांवर गाडी अडलीय, एक मोठ्या टचस्क्रीनचं आणि दुसरं लहान पडद्याचं, बटणांचं. शिवाय खिशात मोबाइल असताना हे लागतंच का, अशी शंका आहे.

आधीच सांगतो, मी स्वतः बंदूक धरत नाही. झाडांच्या नोंदी घेत जंगलात बरीच वर्षं फिरलोय आणि त्यातले पुष्कळ दिवस शिकारी सोबत्यांच्या मागून चाललोय. त्यामुळे यंत्राबद्दल बोलेन, नेमबाजीबद्दल नाही.

मोबाइलचं आधी उरकू. मोबाइलमधला जीपीएस कमी दर्जाचा असतो हा समज जुना झाला. दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह ऐकणारा पहिला मोबाइल 2018 साली आला, हातातल्या यंत्रांना ती सोय त्यानंतर मिळाली. नेटवर्क नसलं तरी मोबाइलला स्वतःची जागा कळते, फक्त नकाशे आधी उतरवून ठेवावे लागतात. दिवसभराच्या, मळलेल्या वाटेच्या चालीला तो पुरतो. मुक्कामाच्या फिरतीत तो उणा पडतो ते वेगळ्याच कारणांनी: थंडीत बॅटरी धपकन बसते, ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, आणि फोटो, टॉर्च, नकाशा सगळं एकाच बॅटरीवर चालतं. ती संपली की सगळंच संपलं.

आता तुमची दोन यंत्रं. बटणांचं घ्या.

माझं दुसरं यंत्र टचस्क्रीनचं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. दुकानात बघून जीव भाळला होता. मग एका संध्याकाळी पाऊस लागला. पडद्यावर थेंब ओघळले तसा नकाशा आपोआप सरकायला लागला. बाहीने पडदा पुसून खूण करायला गेलो, तर भलतीच यादी उघडली. ती बंद करीपर्यंत पुढचे थेंब पडले. त्या रात्री तंबू सापडला, पण यंत्रामुळे नाही, ओढ्याच्या आवाजामुळे. बटणांच्या यंत्रात मात्र हातमोजा घालून, पडद्याकडे न बघतासुद्धा, एक बटण दाबून धरलं की जागेची खूण, म्हणजे वेपॉइंट, होते. शिकाऱ्याचा दुसरा हात बहुतेक वेळा मोकळा नसतो, हेही धरा. आणि यंत्र घरी आणल्या आणल्या बटणांचा 'टुक' आवाज बंद करा. पहाटेच्या शांततेत तो आवाज तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट लांब जातो.

पडदा लहान असल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. या यंत्रांचे पडदे उन्हाचाच उजेड परावर्तित करून दिसतात. भर दुपारी मोबाइल काळाठिक्कर पडतो तेव्हा हे उलट जास्त स्पष्ट वाचता येतात, तेही मागचा दिवा न लावता. दिवा बंद म्हणजे बॅटरीही वाचली.

बॅटरीवर जरा थांबू, कारण माझ्या मते निवड इथेच होते. एक जात आहे डबल-ए सेलवर चालणाऱ्या यंत्रांची, दुसरी आत बसवलेल्या लिथियम बॅटरीची. गार्मिनच्या ईट्रेक्स 32एक्सला दोन डबल-ए सेलवर कंपनी 25 तास सांगते, तर आतल्या बॅटरीच्या जीपीएसमॅप 67ला 180 तास. आकडा बघून दुसरं घ्यावंसं वाटेल आणि तीन-चार दिवसांसाठी ते चूकही नाही. पण आतली बॅटरी उतरली की पॉवर बँक, केबल आणि तासभर वाट बघणं आलं. सेलवालं यंत्र अर्ध्या मिनिटात पुन्हा ताजंतवानं होतं. मी अजूनही सेलवालंच वापरतो.

मात्र सेल कुठले, याला फार महत्त्व आहे. साधे अल्कलाइन सेल गोठणबिंदूच्या खाली निम्म्याहून कमी दिवस काढतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल वजनाला हलके असतात आणि उणे 40 अंशांपर्यंत काम करतात. कडाक्याच्या थंडीत तेच. एरवी रिचार्जेबल निकेल सेल पुरतात, पण त्यांचा व्होल्टेज 1.2 असतो, साध्या सेलचा 1.5. यंत्राच्या मेनूत सेलचा प्रकार नीट निवडला नाही, तर भरलेल्या सेललाही ते 'संपत आले' म्हणून ओरडत राहतं. याच कारणासाठी चांगली यंत्रं परत करणारे लोक मी पाहिलेत.

अचूकतेबद्दल खोक्यावर जे छापतात त्यावरून निवडू नका. 2 मे 2000पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती चूक काढली त्या दिवसापासून मोकळ्या आभाळाखाली स्वस्तातलं यंत्रही पाच-दहा मीटरांत नेऊन सोडतं. यंत्रांची खरी परीक्षा घळीत आणि भिजलेल्या गर्द झाडीखाली होते. उपग्रह 20,200 किलोमीटर वर असतो. यंत्र तिथून सिग्नल यायला लागलेला वेळ मोजतं, आणि त्यात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी 300 मीटरांची चूक होते. कड्यावर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेऊन येतो, यंत्राला ते कळत नाही आणि ते तुम्हाला खुशाल पलीकडच्या धारेवर दाखवतं. दुसरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे एल5, ऐकणारं यंत्र असे परावर्तित सिग्नल बरेच वेगळे काढू शकतं. तुमचा मुलूख दऱ्याखोऱ्यांचा असेल तर या एका गोष्टीसाठी जास्त खर्च करायला माझी हरकत नाही. जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू हे उपग्रह ऐकण्याची सोय तर हवीच. घळीतून आभाळाची चिंचोळी पट्टी दिसते, त्यात किमान चार उपग्रह सापडायचे असतात.

अँटेनाही बघून घ्या. काही यंत्रांच्या डोक्यावर आखूड शेंडीसारखा उंचवटा असतो. त्यात गुंडाळीची अँटेना असते, ती यंत्र उभं धरल्यावर नीट ऐकते. सपाट यंत्रातली पॅच अँटेना आडवी, आभाळाकडे तोंड करून धरावी लागते. कुठलंही असो, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर अडकवा. पँटच्या खिशात कोंबलेलं यंत्र तुमच्याच अंगाआडून आभाळ शोधत बसतं, आणि मग घरी आल्यावर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंदलेली रेष, दारू पिऊन चालल्यासारखा दिसतो.

आता शिकारीच्या खास गरजेकडे. बरीचशी यंत्रं दोन रूपांत येतात, होकायंत्र आणि हवेच्या दाबाचं उंचीमापक असलेलं आणि नसलेलं. ईट्रेक्स 22एक्समध्ये ही दोन्ही नाहीत, 32एक्समध्ये आहेत. जीपीएसमॅप 65 आणि 65एसमध्येही फरक हाच. शिकाऱ्याने असलेलंच घ्यावं. होकायंत्र नसलेल्या यंत्राचा बाण तुम्ही चालत असाल तरच खरी दिशा दाखवतो, उभे राहिलात की भरकटतो.

याचा उपयोग कुठे होतो? समजा, जनावर समोरच्या उतारावर, दरीपलीकडे 300 मीटरवर होतं. गोळी लागली आणि ते झुडपात शिरलं. दरी उतरून पलीकडे चढेपर्यंत तो उतार ओळखीचा राहत नाही. इथून ठळक दिसलेला खडक तिथे गेल्यावर दहा खडकांपैकी एक होतो. म्हणून जागेवरून हलण्याआधी उभ्या जागेची खूण करा, यंत्र रोखून दिशा पक्की करा, रेंजफाइंडरवरचं, म्हणजे अंतर मोजायच्या दुर्बिणीवरचं, अंतर घाला आणि यंत्राला पलीकडे वेपॉइंट टाकू द्या. यात दिशा 3 अंशांनी चुकली तरी 300 मीटरवर चूक साधारण 16 मीटरांची, म्हणजे शोधता येण्यासारखी. फक्त त्या वेळी यंत्र बंदुकीच्या नळीपासून आणि वॉकीटॉकीपासून हातभर लांब धरा, लोखंड आणि चुंबक होकायंत्राला फसवतात. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यायचं. पुढे माग काढताना रक्ताच्या शेवटच्या थेंबाशीही खूण करत चला.

उंचीमापकाची एक गंमत. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने घटला की ते तुम्हाला सुमारे 8 मीटर वर चढवतं. रात्री तंबूत ठेवलेलं यंत्र सकाळी 40 मीटर 'चढलेलं' दिसलं, तर ते बिघडलेलं नाही. दाब पडलाय आणि हवामान फिरायच्या बेतात आहे.

नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, हव्यातच. यंत्र 'इकडे जा' म्हणून बाण दाखवतं तो नाकासमोरचा असतो, मध्ये कडा आहे की पूर आलेला ओढा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. परवान्याच्या क्षेत्राची हद्दही नकाशावर असेल तर उत्तम, पण यंत्राच्या पाच-दहा मीटरांच्या चुकीचा विचार करून हद्दीपासून भरपूर अलीकडे राहा.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीत तर भलेभले चकतात. सोबत्याने वायरलेसवर '30 अंश 20.5 मिनिटं' सांगितलं आणि तुम्ही 30.205 अंश भरलं, की तुम्ही 15 किलोमीटर चुकलात. 20.5 मिनिटं म्हणजे 0.3417 अंश. हा चकवा झाडीतला नाही, मेनूतला आहे. सगळ्यांनी निघण्याआधी एकच पद्धत लावावी. कागदी नकाशा जुना असेल तर त्याचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले तो पाया, तोही बघा. यंत्र डब्ल्यूजीएस 84 वापरतं, जुने नकाशे दुसरेच डेटम, आणि फरक काहीशे मीटरही पडू शकतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र वेगळं घ्यायचं की जीपीएसमध्येच, हे बजेटवर सोडतो. एकटे जात असाल तर ते नकाशापेक्षाही आधी. पण काही देशांत, भारतातसुद्धा, असं यंत्र विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरतो. विमानात बसण्याआधी तिथला नियम वाचा.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर चालू करून तारीख बघा. जीपीएस तारीख आठवडे मोजून ठरवतं, आणि तो आठवड्यांचा आकडा 1024पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. हे 6 एप्रिल 2019च्या रात्री झालं आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर दाखवतील, पण सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा त्याच तारखेवरून काढतात, आणि शिकारीची वेळ तुम्ही त्यावरून धरणार असाल तर पंचाईत होईल.

घेतल्यावर पहिलं काम: मोकळ्यावर ठेवून पंधरा मिनिटं हात लावू नका. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मग हातमोजे घाला, यंत्रावर पाणी ओता, डोळे मिटा आणि खूण करून बघा. जमलं नाही तर परत करायची मुदत अजून बाकी असेल.