भर दुपारी अंधारा जिना

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. गावठाणातलं घर १८ फूट रुंद, ४५ फूट लांब. दक्षिणेला रस्ता, मागे उत्तरेला गुरांचा कोठा. पूर्व-पश्चिमेला शेजाऱ्यांची घरं भिंतीला भिंत लावून. वडिलांच्या काळातलं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, पाडून आम्ही खाली स्लॅब टाकला आणि चार वर्षांनी वर दोन खोल्या चढवल्या, एक समोर, एक मागे. जिना या दोन्हींच्या मधे, पूर्वेच्या भिंतीला लागून. जिन्याची जागा ७ फूट बाय ११ फूट. तो मधे एकदा वळतो, आणि त्या वळणावरच्या लँडिंगवर भर दुपारीही बल्ब लावावा लागतो. आई ७२ वर्षांची आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. लाइन गेली की भिंत चाचपत उतरते. मागच्या पोळ्याला तिथेच पाय चुकला आणि मनगट मोडलं. आता घराचं काम काढतो आहे. मिस्त्री म्हणतो, वरच्या स्लॅबला चार बाय चारचं भोक पाडून फायबरचं पत्रं टाकू. मोठा भाऊ म्हणतो, पूर्वेच्या भिंतीत खिडकी काढू, शेजाऱ्याचं घर टिनाचं, बुटकं आहे. कोणाचं ऐकू? भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आहे, कठडा विटांचा, पायऱ्या काळ्या कडप्प्याच्या. जिन्याखाली भाव येईपर्यंत कापूस भरलेला असतो.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, आईच्या मनगटाचं वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे घर बांधताना हॉल किती मोठा, देवघर कुठे, यावर महिनाभर बोलणं होतं आणि जिना उरलेल्या जागेत बसवला जातो. पडतात मात्र माणसं तिथेच. म्हणून तुमच्या पत्राला या वेळी जास्त जागा देते आहे.

मिस्त्री आणि मोठे भाऊ, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन्ही गोष्टी जशाच्या तशा करू नका.

आधी खिडकीचं. शेजाऱ्याच्या टिनावरून येणारा उजेड शेजाऱ्याच्या मर्जीवर असतो. उद्या त्यांनीही स्लॅब टाकून माडी चढवली तर तुमची खिडकी त्यांच्या भिंतीकडे बघत बसेल. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे उजेडाचा हक्क मिळतो, पण त्यासाठी तो २० वर्षं सलग, बिनतक्रार भोगलेला असावा लागतो. आज काढलेल्या खिडकीला तो आधार नाही. शिवाय भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याशी खिडकीवरून वाकडं येणं कोणालाच परवडत नाही. त्यांची तोंडी संमती असली तरी त्या भिंतीवर भिस्त ठेवू नका.

आता मिस्त्रीचं भोक. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून ठामपणे सांगते. २०११ मध्ये माझ्या सख्ख्या भावाच्या घराला मी असंच स्लॅबमध्ये भोक ठेवून वर फायबरचं पत्रं टाकलं. पहिल्या दिवाळीला सगळे खूश. मे महिना आला आणि दुपारी त्या जिन्यात पाय ठेवता येईना, लोखंडी रेलिंगला हात लावला की चटका बसायचा. वहिनीने शेवटी वरून गोणपाट टाकून भोक झाकलं, म्हणजे पुन्हा अंधार. दोन वर्षांत पत्रं पिवळं पडलं आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत त्याची चाळण झाली. ते काम मी नंतर स्वतःच्या खर्चाने बदललं. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

असं का होतं, ते बघा. मेच्या शेवटच्या दहा दिवसांत यवतमाळ भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पारा ४५ च्या आसपास असताना आडव्या काचेतून ते ऊन सरळ घरात उतरतं. डिसेंबरात मात्र, जेव्हा ऊब हवीशी असते, तेव्हा सूर्य भर दुपारी दक्षिणेला साधारण ४६ अंशांवरच असतो, आणि आडव्या काचेला त्याचा तिरपा, कमी भाग मिळतो. म्हणजे नको तेव्हा भरपूर आणि हवं तेव्हा थोडं. आपल्याला जिन्यात उजेड हवा आहे, ऊन नको आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा व्हायच्या डोळ्याला तर हा फरक फार मोठा असतो. काळ्या पायरीवर कडक कवडसा पडला आणि शेजारची पायरी सावलीत राहिली, तर पायरीची कड कुठे संपते तेच कळत नाही.

मग करायचं काय? भोक पाडा, पण त्यावर पेटी बांधा. भोक पूर्व-पश्चिम ४ फूट आणि उत्तर-दक्षिण अडीच फूट. त्याच्या चारी बाजूंनी स्लॅबच्या वर अडीच-तीन फूट भिंत घ्या, वरून छोटा पक्का स्लॅब टाका आणि फक्त उत्तरेच्या बाजूला उभी काच बसवा, ४ फूट बाय २ फूट. काचेचा खालचा काठ गच्चीपासून निदान ६ इंच वर ठेवा, म्हणजे मुसळधार पावसात गच्चीवर पाणी साचलं तरी आत येणार नाही. वरच्या छोट्या स्लॅबला उत्तरेकडे फूटभर छज्जा आणि त्याखाली पाणी तुटायला खाच हवीच. मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी सूर्य थोडा उत्तरेकडून येतो, त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना ९ इंच पुढे आलेली पडदी पुरते. पेटीच्या आतून पांढरा चुना द्या. दक्षिणेकडच्या आतल्या भिंतीवर आदळून उजेड खाली उतरतो, म्हणून ती भिंत गुळगुळीत आणि पांढरीशुभ्र ठेवा.

काच ८ चौरस फूट होते. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानातल्या खोल्यांसाठी जमिनीच्या एक दशांश एवढी उघडी जागा सांगितली आहे. तुमच्या जिन्याचे ७७ चौरस फूट धरले तर हिशेब जुळतो. यापेक्षा मोठं भोक पाडू नका.

उत्तरेची काच घेण्याची आणखी कारणं आहेत. आपल्याकडे पावसाचा झोत मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, उत्तरेच्या काचेला तो कमी लागतो. गारा वरच्या पक्क्या स्लॅबवर पडतात. आणि माकडं! राळेगावकडची टोळी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर कशी उड्या घेते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आडव्या काचेवर एक मोठं वानर आदळलं तर काय होईल ते सांगता येत नाही. काच लॅमिनेटेडच घ्या. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा असतो, फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात, खाली माणसाच्या डोक्यावर पडत नाहीत.

स्लॅब कापणं हे या सगळ्यातलं सर्वात जोखमीचं काम. ७ फुटांच्या बाजूला जाणाऱ्या सळ्या मुख्य असतात, म्हणून भोकाची लांब बाजू त्यांना समांतर ठेवली की कमी सळ्या तुटतात. वरचं माप मी त्याच हिशेबाने दिलं आहे. तरी तालुक्याच्या इंजिनिअरला एकदा प्रत्यक्ष बोलवा. भोकाच्या दोन्ही कडांखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर आधी बसवा, खाली बल्ल्यांचा टेकू द्या आणि मगच कापा. कापायचं ते कटर मशीनने. घणाने फोडू देऊ नका, हादऱ्याने बाजूच्या स्लॅबला तडे जातात आणि ते दोन पावसाळ्यांनी गळतात.

पेटीच्या वरच्या बाजूला, काचेच्या शेजारी, जाळी लावलेली एक उघडझाप होणारी झडप ठेवा. उन्हाळ्यात तुम्ही कूलर लावतच असाल. कूलरची हवा आत येते, पण तिला बाहेर जायला वाट नसली की घर दमट होतं आणि अंग चिकट होतं. जिना हीच ती वाट. गरम हवा वर चढते आणि झडपेतून निघून जाते.

एवढं करूनही वळणावरच्या लँडिंगपर्यंत उजेड पोचेलच असं नाही, कारण तुमच्या जिन्यात उजेड खाणाऱ्या तीन गोष्टी आहेत. विटांचा कठडा काढा, त्या जागी उभ्या गजांचं रेलिंग लावा, दोन गजांमध्ये ४ इंचांपेक्षा जास्त जागा नको, नातवंडं असतील. दुसरी गोष्ट तो हिरवा ऑइलपेंट. वरून आलेला उजेड लँडिंगवर पोचेपर्यंत तीन-चार वेळा भिंतींवर आदळतो. पांढरी भिंत शंभरातला साधारण ८० उजेड परत देते, गडद हिरवी जेमतेम २५. तीन धडकांनंतर पांढऱ्या भिंतीत निम्मा उजेड उरतो, हिरव्या भिंतीत शंभरातला दीड-दोन. पोरांचे हात लागून भिंत घाण होते, म्हणून आपण हिरवा लावतो, हे मला माहीत आहे. धुता येणारा मळकट-पांढरा रंग घ्या. तिसरी गोष्ट कडप्पा. तो बदलायचा नसेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची पिवळी किंवा पांढरी खरखरीत पट्टी लावा. हे उद्याच करा, बांधकामाची वाट बघू नका. आईसाठी भिंतीच्या बाजूलाही एक हातधरणी लावून घ्या.

आणि काहीही फोडण्याआधी एक दिवस असं करून बघा. ढगाळ दिवस निवडा. लँडिंगच्या हिरव्या भिंतींवर पांढऱ्या चादरी टांगा, वरच्या दोन्ही खोल्यांची दारं-खिडक्या सताड उघडा आणि दुपारी बाराला लँडिंगवर बसून पेपर वाचता येतो का ते पाहा. मोठी अक्षरं दिसली तर दोन्ही दारांच्या वर काचेची झडप आणि रंगकाम यावरच बरंच भागेल. आईला दिवसा जाता-येता तेवढं पुरेल, आणि मग स्लॅबला हात लावायचा की नाही ते शांतपणे ठरवता येईल.

कापसाबद्दल एकच विनंती. जिन्याखाली बल्बचा उघडा होल्डर किंवा लोंबती वायर असेल तर ती आधी काढून घ्या. वाळलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते, आणि वर झोपलेल्या माणसांना उतरायला तो एकच जिना आहे.

काम कापसाचा शेवटचा वेचा झाला की काढा. मृग लागायच्या आत पेटीवर दोन दिवस ओली गोणपाटं ठेवून, सांध्यांवर बादलीने पाणी ओतून बघा. गळती तेव्हाच सापडली पाहिजे.

प्रश्न : आमचं घर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं आहे, भंडारा जिल्ह्यात. मधली खोली फार अंधारी. वरून उजेड घेता येईल का?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, तुमचं काम सोपं आहे. कवेलू इंग्रजी म्हणजे मंगलोरी असतील तर त्याच आकाराचं काचेचं कवेलू मिळतं. एक काढून दुसरं बसवायचं. उताराच्या उत्तर बाजूला दोन किंवा तीन बसवा, एका ओळीत न लावता अंतर ठेवून. चुलीच्या वर नको, धुराने काजळी धरते. देशी, अर्धगोल कवेलू असतील तर काचेचं कवेलू नीट बसत नाही. तिथे तेवढ्या भागापुरते इंग्रजी कवेलू घालावे लागतील. माझ्या आजीच्या धाब्याला सानं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, होतं, पावसाळ्यात ती त्यावर घमेलं पालथं घालायची आणि चार महिने माजघर अंधारात. काचेच्या कवेलूला ते करावं लागत नाही. फक्त पहिला मोठा पाऊस पडेल त्या रात्री खाली एक परात ठेवून झोपा, आणि सकाळी ती कोरडी आहे का ते बघा.