दोन बॅचेस एकाच वेळी लागतात, टूल बदलू का?

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. पुण्यातून दर शनिवारी लंडनच्या मुलांची संगीताची ऑनलाइन बॅच तिथल्या दुपारी 12 ला आणि न्यू जर्सीची तिथल्या सकाळी 8 ला, पाऊण तासाची. दोन्ही गूगल कॅलेंडरवर कायमच्या लावलेल्या. नवीन विद्यार्थी बुकिंगच्या लिंकवरून चाचणी वर्ग घेतात. एवढं करूनही यंदा मार्चमध्ये तीन शनिवार दोन्हीकडची मुलं एकदमच आली, आणि नाशिकला कार्यक्रम होता त्या दिवशी कुणीतरी वर्ग बुक केला.

बुकिंगचं टूल बदलू नका. दोन वेळा एकमेकींवर येतात का हे शोधणं संगणकासाठी अगदी किरकोळ काम आहे. पहिला वर्ग दुसरा संपण्याआधी सुरू होत असेल आणि दुसरा पहिला संपण्याआधी, तर टक्कर. हा हिशोब कुठलंही बरं टूल चुकत नाही. प्रश्न असतो तो हिशोब कधी होतो आणि कोणत्या नोंदी धरून होतो, याचा.

मार्चचं आधी बघू, कारण ते पुन्हा होणार आहे. भारतात घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये हे रविवार 8 आणि 29 मार्चला होते. हिवाळ्यात तुमची लंडनची बॅच आपल्याकडे संध्याकाळी 5:30 ला येते आणि न्यू जर्सीची 6:30 ला. 8 मार्चनंतर न्यू जर्सी 5:30 वर सरकली, लंडन मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणून 14, 21 आणि 28 मार्च हे तीन शनिवार गेले. 29 तारखेला लंडन 4:30 वर आलं आणि गोंधळ आपोआप मिटला. त्यामुळेच कारण लक्षात आलं नसावं. परत येताना क्रम उलटा: ब्रिटनचं घड्याळ 25 ऑक्टोबरला मागे येईल, अमेरिकेचं 1 नोव्हेंबरला. मधला शनिवार, 31 ऑक्टोबर, तुमच्या दोन्ही बॅचेस पुन्हा 5:30 ला.

मग टूलने हे का सांगितलं नाही? कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लिंकवरून बुकिंग करणाऱ्याला ते मोकळ्या वेळा दाखवतं, तेव्हा तपासणी होते. आपण आपल्याच कॅलेंडरवर हाताने दोन नोंदी एकमेकींवर टाकल्या तर गूगल अडवत नाही, शेजारी शेजारी दाखवतं. कायमच्या बॅचेस तुम्हीच टाकलेल्या, तेव्हा त्यांची जबाबदारी आपली.

काही जण सगळ्या बॅचेस भारतीय वेळेला बांधायला सांगतील. तसं केलं तर कॅलेंडर नीट राहतं, पण मुलांचा वर्ग वर्षातून दोनदा तासाने सरकतो आणि त्यांच्या शनिवारच्या खेळाच्या सरावाशी भांडतो. मी तरी मुलांच्याच वेळेला बांधीन. त्यापेक्षा सोपं असं की लंडन आणि न्यू जर्सीत एरवी 5 तासांचं अंतर असतं, त्या आठवड्यांत 4 तासांचं, आणि 12 व 8 मध्ये नेमकं तेवढंच आहे. लंडनची बॅच तिथल्या 11 ला घ्या. आपल्याकडे दोन बॅचेसच्या सुरुवातींमध्ये एरवी दोन तास आणि त्या आठवड्यांत एक तास राहील. वर्षभर कधीच टक्कर नाही.

आता नाशिक. ती नोंद तुम्ही दिवसभराची म्हणून टाकली असणार. अशा नोंदी गूगल आणि आउटलुक दोन्हीकडे मुळात ‘फ्री’ धरल्या जातात, कारण वाढदिवस आणि सणही तसेच टाकले जातात. बुकिंगचं टूल फक्त ‘बिझी’ नोंदी बघतं. कार्यक्रम, प्रवास, रियाजाचे दिवस, सगळं उघडून ‘बिझी’ करून घ्या.

त्याचबरोबर टूल कोणकोणती कॅलेंडर तपासतं तेही बघा. कॅलेंडली या बुकिंगच्या टूलमध्ये ‘कोणती तपासायची’ आणि ‘नवी नोंद कुठे टाकायची’ या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत, आणि बरेच जण दुसरी भरून पहिली विसरतात. घरच्यांसोबतचं कॅलेंडर तिथे निवडलेलं नसेल तर टूलच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. एखादं कॅलेंडर लिंक देऊन गूगलमध्ये जोडलं असेल तर त्यातले बदल यायला कित्येक तास लागू शकतात. बुकिंगसाठी त्यावर विसंबू नका, खातंच थेट जोडा.

लागून लागून वर्गांचंही सांगतो. 6:15 ला संपणारा आणि 6:15 ला सुरू होणारा वर्ग टूलच्या लेखी टक्कर नाही. कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या आयकॅलेंडर मानकातच शेवटचा क्षण नोंदीत धरत नाहीत. तानपुरा लावायला आणि घोटभर पाणी प्यायला वेळ हवा असेल तर बफर, म्हणजे दोन वर्गांमधला राखीव वेळ, 15 मिनिटांचा ठेवा.

हे सगळं झालं की ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत स्वतःची लिंक उघडा आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख बघा. एकही वेळ रिकामी दिसता कामा नये. दिसलीच, तर ती नोंद कोणत्या कॅलेंडरवर आहे आणि ‘फ्री’ आहे का, एवढंच इथे लिहा. पुढचं मी सांगतो.