मुलाचा कल औषधाने बदलतो का?

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाला मुलगेच आवडतात. जाऊबाई म्हणतात, हार्मोनची इंजेक्शनं द्या, नाहीतर लग्न लावून टाका. काय करू?

उत्तर : ताई, यातलं काहीही करू नका. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनने फार तर कामेच्छा वाढेल. ओढ कुणाची वाटते, ते बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या निर्देशानुसार व्यावसायिक गैरवर्तन करतो. लग्नाने तर आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागेल. त्याची झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं तो बोलत असेल, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक दिवसरात्र मोफत भेटतात. आणि त्याला विचारल्याशिवाय हे यापुढे कुणालाही सांगू नका, जाऊबाईंशीही पुन्हा हा विषय काढू नका.