कलमाने वाढवलेल्या द्राक्षातून नवी जात निघतेच कशी?

तुम्ही विचारलंय की मार्केट यार्डात थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश अशी वेगवेगळी द्राक्षं दिसतात, पण द्राक्ष तर काडी लावून किंवा डोळा भरून (म्हणजे एका वेलीची कळी दुसऱ्या वेलीवर बसवून) वाढवतात. म्हणजे सगळ्या वेली एकाच वेलीची नक्कल. मग वेगळेपण आलं कुठून?

गंमत म्हणजे तुमच्या यादीतल्या शेवटच्या दोन्ही जाती थॉम्पसनमधूनच निघाल्या आहेत. तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडली. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांची. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं जोडली की नाव तयार. काळा शरद सीडलेसही त्यांचाच, किशमिश चोर्नी या काळ्या द्राक्षातून निवडलेला. यात परागीकरण करून संकर घडवलेला नाही. वेलीनेच काहीतरी वेगळं दाखवलं आणि बागाईतदाराच्या ते नजरेत भरलं.

वेल म्हणजे एकच जीव, असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक डोळ्यात कोंबाच्या टोकाशी मोजक्याच पेशी असतात आणि पुढची सगळी फूट त्यांच्या विभाजनातून होते. दर विभाजनाला डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतंच. पानातल्या एखाद्या पेशीत चुकलं तर पान गळलं की विषय संपला. तेच कोंबाच्या टोकाशी चुकलं, तर त्या पेशीपासून वाढलेल्या भागात ती चूक उतरते आणि त्यावरचे घड वेगळे दिसू शकतात. त्या फांदीची काडी कलमाला घेतली की चूक कायम झाली. शे-दीडशे वर्षं काड्यांवरच चाललेल्या जातीत अशा चुका साठत जातात. बहुतेकींचा काही परिणाम दिसत नाही, हेही खरं.

रंगाचं उदाहरण मला फार आवडतं. पांढऱ्या द्राक्षात मणी रंगवणाऱ्या जनुकाशेजारी जागा बदलणारा डीएनएचा एक तुकडा घुसून बसलेला असतो, त्यामुळे जनुक गप्प. 'इटालिया' या पांढऱ्या जातीच्या वेलीवर लाल घड आले आणि त्यांतून 'रुबी ओकुयामा' ही जात झाली. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तो तुकडा तिथून बहुतांशी निघून गेला होता, म्हणून रंग परत आला.

आणखी एक खोच आहे. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात आणि चूक एकाच थरात झाली तर वेल आतून एक, बाहेरून दुसरी होते. लाल केळीच्या बागेत मध्येच एखादा मुनवा हिरवा निघतो, त्यामागे हेच कारण मानतात. म्हणूनच अशी जात बियांतून जशीच्या तशी मिळत नाही, काडीनेच जपावी लागते.

सगळ्याच जाती अशा नसतात, बरं का. गणेश डाळिंब आपल्या पुण्यात गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या बियांपासून झालेल्या रोपांतून निवडलं. तिथे बी आहे, म्हणजे जनुकांची नवी सरमिसळ आहे. ही गोष्ट वेगळी.

आता माझी फजिती. नारायणगावजवळ आमची दोन एकर बाग आहे, मी पुण्यात राहतो. एका फेब्रुवारीत चुलतभावाचा फोन आला, "दादा, एका ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) बोटाएवढे मणी!" मी शनिवारी धावत गेलो, फांदीला लाल दोरा बांधला, काड्या काढून खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या दुसऱ्या वेलीवर, भरल्या. जातीचं नावसुद्धा ठरलं होतं, सांगत नाही. पुढच्या वर्षी नेहमीचाच गोल मणी. चौकशी केल्यावर कळलं की त्या ओळीतले घड जीएच्या, म्हणजे मणी लांबवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात दोनदा बुडवले गेले होते.

तेव्हापासून नियम केलाय. दोरा बांधायचा, पण काड्या भरून तीन हंगाम, वेगवेगळ्या ओळींत, फळ बघितल्याशिवाय शेजाऱ्याला सांगायचं नाही. यंदा एका वेलीला दोरा आहे. दुसरा हंगाम चालू आहे.