कॉर्नरने घोटा धरला, पुढे काय?
वाचकांचे प्रश्न : कॉलेज कबड्डीचा बचाव

या वेळी बचाव आणि तो घडवणारे प्रशिक्षक एवढ्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. चढाईवरच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरे देऊ.

आमच्या संघाचे दोन्ही कॉर्नर (बचावाच्या दोन टोकांना उभे राहणारे खेळाडू) चपळ आहेत, घोटा हमखास धरतात. तरी सामन्यात चार-पाच वेळा चढाईपटू त्यांना ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावतोच. ताकद वाढवण्यासाठी कोणता व्यायाम द्यावा?
– संघनायक, सिन्नर

व्यायाम जरूर द्या, पण दुखणे ताकदीचे नाही. तुमचा कॉर्नर एकटा पडतो आहे.

मुलांच्या मैदानात मध्यरेषेपासून बोनस रेषा (जी ओलांडली की चढाईपटूला जादा गुण मिळू शकतो) 4.75 मीटरवर असते. तिथे पकडलेला उंच मुलगा आडवा पडून हात लांब करतो, तेव्हा त्याच्या शरीराच्या लांबीनेच दोन मीटरच्या वर अंतर तुटते. उरलेले अडीच-पावणेतीन मीटर तो पोटावर पडलेल्या एका खेळाडूला ओढू शकतो, मग तो कॉर्नर कितीही दणकट असो. म्हणजे घोटा धरल्याने पकड फक्त सुरू होते. ती पुरी करायची जबाबदारी कव्हरची, म्हणजे मधल्या खेळाडूच्या शेजारी उभे राहणाऱ्याची.

कव्हर दोन चुका करतो. पहिली, तो उशिरा निघतो. दुसरी जास्त महागात पडते : तो धावत येऊन चढाईपटूच्या पाठीवर पडतो. मागून बसलेला हा धक्का चढाईपटूला मध्यरेषेकडेच ढकलतो. कव्हरने चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये शिरायचे, गुडघे वाकवून छाती त्याच्या छातीला भिडवायची आणि त्याला अंतिम रेषेकडे रेटायचे. तिसरा माणूस, म्हणजे त्या बाजूचा इन (कॉर्नरच्या शेजारचा खेळाडू), कमरेला मिठी मारून त्याला जमिनीवरून सुटा करतो. पाय टेकायला जागा नसली की जोर निघत नाही.

चौथ्याने आणि पाचव्याने मात्र जागेवर थांबायचे. ही शिस्त कॉलेजच्या संघांत फार कमी दिसते. चढाईपटू सुटला तर झटापटीत ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सगळे बाद होतात. सहा जण तुटून पडले आणि त्याचे बोट मध्यरेषेला लागले, तर एका चढाईत सहा गुण जातात आणि लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणे, दारात येऊन उभा राहतो.

कव्हरने निघायचे कधी? कॉर्नर ओरडेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. कॉर्नरचा खांदा खाली गेला की कव्हरचे पहिले पाऊल पडले पाहिजे, आणि कॉर्नरचे पंजे बंद झाले की त्याने अंग टाकायचे. खांद्यावर पहिले पाऊल, पंजावर अंग, हे मुलांकडून इतके घोटून घ्या की सामन्यात विचार करावा लागू नये.

सराव असा घ्या. आधी चालण्याच्या वेगाने : चढाईपटू पाय लांबवतो, कॉर्नर घोटा धरतो, कव्हर आडवा येतो आणि सगळे तिथेच थिजतात. प्रशिक्षकाने कव्हरची छाती कुठल्या दिशेला आहे ते पाहायचे. प्रत्येक बाजूला दहा वेळा. मग निम्म्या वेगाने दहा वेळा. शेवटी पूर्ण वेगाने पाच-सहा वेळा, आणि यात चढाईपटूला हुलकावणी द्यायची मोकळीक. पूर्ण वेगाच्या फेऱ्या वाढवू नका. दमलेला कॉर्नर खांदा आपटून घेतो आणि चुकीची सवय पक्की होते.

घोटा धरतानाची हाताची ठेवणही तपासा. एक पंजा टाचेच्या वर मागून, दुसरा नडगीवर पुढून, कोपरे अंगाजवळ, धरलेला पाय आपल्या छातीशी. डोके पायाच्या बाहेरच्या बाजूला आणि हनुवटी आत. मांडी किंवा कंबर धरताना बोटांत बोटे गुंफायची नाहीत. तळव्यावर तळवा आडवा ठेवून कुलूप घालायचे. गुंफलेली बोटे झटक्यात मोडतात.

आणि सर्वांत आधी घाईची पकड बंद करा. चढाईपटू समोर तोंड करून, दोन्ही पायांवर तोल ठेवून उभा असताना त्याच्यावर झेपावणे म्हणजे गुण देऊन टाकणे. कॉर्नरला निघायला तीनच क्षण आहेत : चढाईपटूचा पाय लांबलेला असतो तेव्हा, तो वळत असतो तेव्हा, आणि परतीला त्याची पाठ दिसते तेव्हा. एरवी थांबायचे. प्रो कबड्डीत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही कॉर्नरची जोडी एकाहून जास्त संघांत एकत्रच खेळली. कॉलेजमध्येही कॉर्नर आणि त्याचा कव्हर वर्षभर बदलू नका. थांबायचे कधी आणि निघायचे कधी, याचे एकमत नव्या जोडीत आठवड्याभरात होत नाही.

मुलींचा संघ मुलांच्याच मैदानावर सराव करतो. सामन्यात आमच्या कॉर्नर वारंवार राखीव क्षेत्रात पाय पडून बाद होतात. काय करावे?
– प्रशिक्षक, नाशिकरोड

दोष मुलींचा नाही, आखणीचा आहे. मुलांचे मैदान 13 × 10 मीटरचे, मुलींचे 12 × 8 चे. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी वजा केली की मुलांना आडवे 8 मीटर मिळतात आणि मुलींना 6 च. रोज 8 मीटरच्या अंदाजाने उभी राहणारी कॉर्नर सामन्यात सहज पट्टीत जाते, आणि स्पर्श होण्याआधी पट्टीत पाय पडला की ती बाद.

खोलीचा अंदाजही चुकतो. मुलींची निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून 3 मीटरवर आणि बोनस रेषा 4 मीटरवर. बोनसच्या मागे अंतिम रेषेपर्यंत 2 मीटर मिळतात, मुलांना 1.75. म्हणजे मुलींना मागे जागा थोडी जास्त आहे आणि बाजूला बरीच कमी. त्याच मैदानात दुसऱ्या रंगाने मुलींच्या रेषा आखा. मातीवर गेरू चालतो, मॅटवर रंगीत टेप. एवढ्या एका बदलाने तुमचे निम्मे फुकटचे गुण वाचावेत.

कॉलेजात मी एकटा क्रीडा संचालक आणि मदतीला एक माजी खेळाडू. मोठ्या संघांकडे बचावासाठी वेगळा प्रशिक्षक असतो. आम्ही दोघांनी काम कसे वाटून घ्यावे?
– क्रीडा संचालक, दिंडोरी

दोघे पुरेसे आहेत. अट एकच : त्यातल्या एकाने चढाईकडे बघायचेच नाही.

माजी खेळाडूला बचाव पूर्ण सोपवा. सरावात त्याला अंतिम रेषेच्या मागे उभे करा. बाजूने पाहणाऱ्याची नजर नकळत चढाईपटूमागे फिरते. मागून मात्र दोन बचावपटूंमधल्या फटी दिसतात, साखळीतला (हात धरून उभ्या बचावपटूंमधला) कोणता हात सैल आहे ते दिसते आणि कव्हर कोणत्या पायावर उभा आहे तेही दिसते. साखळीची पकड मनगटाला मनगट अशीच हवी. बोटांची साखळी घामाने सुटते, आणि तुटलेल्या साखळीतून चढाईपटू सरळ मध्यरेषेवर जातो.

तुमच्याकडे संघनिवड, बदली खेळाडू आणि नोंदवही. न खेळणाऱ्या एका विद्यार्थ्याला वही द्या आणि समोरच्या संघाच्या प्रत्येक चढाईला एक ओळ लिहायला सांगा : चढाईपटूचा क्रमांक, तो कोणत्या बाजूला गेला, साधारण कितव्या सेकंदाला पकड झाली, सुरुवात कोणी केली, पकड कुठली (घोटा, मांडी, कंबर, ब्लॉक म्हणजे वाट अडवणे, डॅश म्हणजे धडक देऊन बाहेर काढणे), दुसरा माणूस कोण आला, निकाल. मोबाइलवरचे चित्रीकरण अंतिम रेषेच्या मागून आणि थोडे उंचावरून घ्या. खुर्चीवर उभे राहिले तरी चालते.

ही वही वाचायची कशी? समजा डाव्या कॉर्नरने नऊ प्रयत्न केले आणि चार जमले. ‘नऊत चार’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. एकट्याने केलेले प्रयत्न वेगळे काढा आणि कव्हर पोचला ते वेगळे. एकट्याच्या पाचात एक आणि जोडीच्या चारात तीन असे निघाले, तर कॉर्नरला बोल लावायचे कारण नाही. उजेडात आणायचा तो कव्हर. सेकंदांचा रकानाही बोलका असतो. चढाई 30 सेकंदांची. पहिल्या दहा सेकंदांत झालेल्या पकडी बहुतेक फसलेल्या दिसल्या, तर तुमचा संघ घाई करतो आहे.

सामन्यात बाकावरून ओरडणे थांबवा. चढाई चालू असताना मैदानात एकच आवाज हवा, तोही मधल्या खेळाडूचा, कारण दोन्ही कॉर्नर त्याला दिसतात. टाइम-आउटमध्ये एकच सूचना द्या. तीन दिल्या तर एकही पाळली जात नाही.

साधने तोकडी असताना प्रशिक्षक काय उभे करू शकतो, याचे उदाहरण आपल्या नाशिकमध्येच आहे. शैलजा जैन इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला 27–24 असे हरवून सुवर्ण घेतले. आदल्या दिवशी इराणच्या पुरुषांनी भारताविरुद्धचा उपांत्य सामना 27–18 असा जिंकला होता. भारताला 40 मिनिटांच्या सामन्यात 18 गुणांवर अडवणारा तो बचाव प्रत्येक कॉलेजच्या खेळाडूंनी बसून पाहावा. पाहताना चेंगराचेंगरीकडे लक्ष देऊ नका. पकडीआधी ते किती वेळ हलत नाहीत, ते मोजा.

तीनच खेळाडू उरले की आमची मुले अव्वल पकडीच्या मोहात पडतात आणि लोण चढतो. मोह टाळावा की घ्यावा?
– वाचक, ओझर

तीन किंवा कमी खेळाडूंनी पकड केली की एक जादा गुण मिळतो. फसली तर दोघे बाद होऊन एकटा उरतो आणि त्याच्यामागे लोणाचे दोन गुण लागलेले असतात. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या चढाईला हात घालू नका. पाच किंवा कमी खेळाडू असताना बोनस मिळत नाही, त्यामुळे खोल उभे राहून चढाईपटूला निदान रेषा ओलांडून रिकामे परत जाऊ द्या. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत त्याला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तोच बाद. पकड तेव्हा. तुमच्या स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा हा नियम लागू आहे का, ते मात्र सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.

उभे राहताना एका कॉर्नरची आणि कव्हरची साखळी, दुसरा कॉर्नर एकटा. चढाईपटू एकट्याकडे वळतो. त्या एकट्या कॉर्नरने मागे सरकत चढाईपटूला आत ओढायचे आणि साखळीने परतीची वाट बंद करायची. मागे सरकताना टाच अंतिम रेषेबाहेर गेली तर सगळे पाण्यात, म्हणून एकट्याने रेषेपासून निदान मीटरभर पुढून सुरुवात करावी.

मुलगा कव्हरला खेळतो. गेल्या आठवड्यात डोके आपटले, थोडे गरगरले, पण तो पुन्हा मैदानात उतरला. एवढे चालते का?
– पालक, पंचवटी

नाही. डोके आपटल्यावर गरगरणे, मळमळ, अंधारी किंवा विसरल्यासारखे होणे यांपैकी एक जरी लक्षण असले तरी त्या दिवसाचा खेळ संपला. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय सरावही नको. सामना कोणता होता, हा प्रश्नच येत नाही. प्रशिक्षकांशी स्पष्ट बोला. पकडीत डोके चढाईपटूच्या गुडघ्यांसमोर जात असेल तर तो तंत्राचा दोष आहे आणि तो चालण्याच्या वेगाच्या सरावात सुधारतो.

आम्ही मातीवर तयार होतो आणि सामने मॅटवर पडतात. काय बदलावे?
– खेळाडू, निफाड

मॅटवर बूट असतात, म्हणून घोटा धरताना पंजा बुटाच्या काठाच्या वर पडला पाहिजे. टाच धरली तर हात बुटावरून निसटतो. मातीत चढाईपटूचा पाय घसरतो, मॅटवर रोवला जातो. त्यामुळे तो झटकन वळतो आणि तुमची झेप अर्धे पाऊल मागे पडते. सामन्याआधी किमान आठ-दहा सराव मॅटवर मिळवा. मॅट असलेल्या शेजारच्या कॉलेजला विनंती करा, सोबत सराव सामना खेळायला कोणीही तयार होते. गुडघ्याला आधार देणारा व्यायाम, म्हणजे एका पायावरच्या बैठका आणि उडी मारून वाकल्या गुडघ्याने स्थिर उतरणे, आठवड्यातून तीनदा हवाच, कारण रोवलेल्या पायावर वळताना गुडघ्याचे अस्थिबंध फाटतात.

निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे हा धोका वाढतो. थंडीत अंग मोकळे करायला पंचवीस मिनिटे द्या, आणि पहिली झेप अंगाला घाम आल्यावरच.